झाकपाक झाल्यावर दहा मिनिटं: स्वतःची कीर्द कशी लिहावी

मी सांगलीत हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. १९ वर्षं झाली. सुरुवात लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांवर केली, आता सगळं कॉम्प्युटरवर, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असतं. स्वतःचा हिशेब लिहायला लागले ते मात्र तीन वर्षांपूर्वी, आणि तेही मुलाच्या एका वाक्यामुळे. जेवायला बसलो होतो. तो म्हणाला, "आई, तू संध्याकाळी कायम चिडलेली असतेस." मी म्हटलं, "काहीतरीच काय!" आणि म्हणता म्हणता आमटीचा डाव पातेल्यात आपटला. तो काही बोलला नाही, नुसता डावाकडे बघत राहिला.

मग मी आत्मपरीक्षण सुरू केलं. म्हणजे जसं सांगतात तसं: शांत बसा, डोळे मिटा, स्वतःला विचारा, मी कशी आहे? चार दिवस केलं. दोन दिवस झोप लागली, दोन दिवस रडू आलं, कळलं काहीच नाही. पाचव्या दिवशी दुकानात बसल्या बसल्या लक्षात आलं की हा प्रश्नच चुकीचा आहे. आमच्या मालकांना कधीही विचारा, "धंदा कसा चाललाय?" ते बारा महिने "मंदी आहे" म्हणतात. धंदा खरा कसा चाललाय ते कीर्द सांगते.

ज्यांना हे शब्द माहीत नाहीत त्यांच्यासाठी: कीर्द म्हणजे रोजचे व्यवहार, ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने आणि जसे घडले तसे लिहायची वही. खतावणी म्हणजे त्याच नोंदी नंतर खात्याखात्यांत वेगळ्या लावणं. आधी कीर्द, मग खतावणी. स्वतःच्या बाबतीत बहुतेक लोक उलटं करतात. 'मी आळशी', 'मी तापट', 'मी फार सोसते' अशी खाती आधी उघडतात आणि मग त्यांत घालायला नोंदी शोधतात. अशी खतावणी दुकानात लिहिली असती तर मला पहिल्याच महिन्यात घरी पाठवलं असतं.

खाली लिहिलंय ते मी चुकत चुकत शिकले. तुमच्या तेवढ्या चुका टळाव्यात, एवढाच हेतू.

लागणारं सामान

- १०० पानी साधी रुळाची वही. लहान आकाराची, उशीजवळ मावेल अशी.
- एक निळं पेन आणि एक लाल पेन. लाल पेन फक्त रविवारसाठी.
- वही ठेवायला अशी जागा, जिथे घरातलं कुणी सहज हात घालत नाही.
- रोजची दहा मिनिटं. पंधरा झाली की थांबायचं.

तारखा छापलेली डायरी घेऊ नका. दिवाळीला बँकेकडून, कंपनीकडून फुकट येते म्हणून मीही तीच घेतली होती. चार दिवस चुकले की चार कोरी पानं तोंडाकडे बघत बसतात, आणि पाचव्या दिवशी आपण डायरीच उघडत नाही. साध्या वहीत तारीख आपण घालायची असते, त्यामुळे खाडा दिसत नाही. चामडी बांधणीची, सोनेरी कडांची वहीही नको. तिच्यात अक्षर चांगलं काढावंसं वाटतं, मग वाक्य चांगलं काढावंसं वाटतं, आणि मग खरं लिहायचं राहून जातं.

मोबाइलवर लिहिलं तर चालतं का? चालतं. पण लिहायला फोन हातात घेतला आणि व्हॉट्सॲप न उघडता खाली ठेवला, असं माझ्याकडून आजवर एकदाही झालेलं नाही.

१. वेळ ठरवू नका, काम ठरवा

'रात्री साडेदहा' अशी वेळ ठरवली की पाहुणे येतात, लाइट जाते, मॅच लांबते. त्यापेक्षा रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला वही बांधून टाका. माझं काम म्हणजे झाकपाक. ओटा पुसला, दुधाचं पातेलं फ्रिजमध्ये गेलं, गॅसचा कॉक बंद केला की वही. तुमचं काम वेगळं असेल: शटर ओढल्यावर, लोकलमध्ये बसायला जागा मिळाल्यावर, बाळ झोपल्यावर.

रात्रीची वेळ जुनी आहे. रोममधला तत्त्वज्ञ सेनेका दोन हजार वर्षांपूर्वी रागाविषयी लिहिताना स्वतःचा रिवाज सांगतो: दिवा नेला की आणि बायको गप्प झाली की तो दिवसभरातलं आपलं बोलणं-वागणं तपासायचा. बायकोला त्याची सवय माहीत होती, म्हणून ती गप्प बसायची. आमच्याकडे ही सवय नवऱ्याला लावायला दोन महिने लागले. "काय लिहितेस गं?" याला मी "दुकानाचं" असं उत्तर देते. ते अगदीच खोटं नाही.

आमचे मालक जैन आहेत. त्यांच्याकडे प्रतिक्रमण असतं, म्हणजे दिवसभरात जिथे पाय घसरला तिथून परत फिरणं. गोव्यात माझी एक जुनी मैत्रीण आहे. तिच्या चर्चमधले जेझुइट पाद्री दिवसातून दोनदा असा आढावा घेतात, असं ती सांगते. तेव्हा हे काही नवं खूळ नाही. फक्त आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात ते नव्हतं.

किंवा होतं, पण दिसलं नव्हतं. माझी आई भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहायची. घर रंगवायला काढलं तेव्हा जुनी पानं हाताला लागली. एका चौकोनात लिहिलं होतं: 'दूध नाही. गॅस लावला. ताईशी बोलले नाही.' दुसऱ्या दिवशीच्या चौकोनात: 'दूध १॥. ताईला फोन केला.' एवढंच. पानं आणि पानं लिहावी लागतात असं कुणी सांगितलं, तर मला ते दोन चौकोन आठवतात.

२. पहिले १४ दिवस फक्त नोंदी

या १४ दिवसांत स्वतःविषयी एकही मत लिहायचं नाही. रोज तीन गोष्टी लिहा:

- काय घडलं? (कुणी काय म्हटलं, मी काय म्हटलं, किती वाजता)
- अंगाला काय जाणवलं? (पोटात, छातीत, खांद्यात, डोक्यात)
- त्यानंतर मी काय केलं?

माझ्या पहिल्या आठवड्यातली ही एक नोंद: 'आजचा दिवस वाईट गेला. मी नेहमी अशीच वागते. मला स्वतःवर ताबा ठेवायला हवा.' वाचताना हे प्रामाणिक वाटतं, पण यात एकही व्यवहार नाही. कुठल्या दिवसाचं आहे, कुणाशी काय झालं, काही पत्ता नाही. वर्षातल्या कुठल्याही तारखेला चिकटवा, बसेल. आमच्याकडे कुणी 'आज बराच खर्च झाला' असं व्हाउचर आणून दिलं तर मी ते तसंच परत करते.

आणि ही दोन आठवड्यांनंतरची: 'मंगळवार. दुपारी एकला वन्संचा फोन. रविवारी त्यांच्या मुलीला बघायला येणार, मी स्वयंपाकाला यावं. म्हटलं चालेल. फोन ठेवल्यावर खांदे आवळलेले. पावणेआठला, मुलानं डबा धुवायला टाकला नाही म्हणून ओरडले. तो जेवण अर्धं टाकून उठला.'

दुसऱ्या नोंदीत मी स्वतःविषयी काहीच म्हटलेलं नाही. पण तिच्यात माझ्याविषयी जेवढं आहे तेवढं पहिलीत नाही.

इथे एक खड्डा आहे. फक्त वाईटच लिहायची सवय लागते. कीर्दीत जमाही लिहायची असते. भाजीवालीनं न मागता कोथिंबीर दिली, तेही लिहा. सकारात्मक विचार वगैरेसाठी नाही. जमा लिहिली नाही तर हिशेब चुकतो म्हणून.

३. 'टेन्शन' आणि 'मूड ऑफ' हे शब्द वहीत बंद

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा.

टेन्शन, मूड ऑफ, बोअर, कसंतरी झालं. या चार शब्दांत आपण सगळं कोंबतो. दुकानात 'किरकोळ खर्च' हे खातं असतं. ते फुगायला लागलं की समजावं, कुणीतरी नोंदी नीट करत नाहीये. तसंच हे. आणि मराठीत तर शब्दांना तोटा नाही. नुसता राग घ्या:

वैताग म्हणजे लहानसहान गोष्टींचा ढीग, ज्यात शत्रू असा कुणी एक नसतो. रुसवा म्हणजे कुणीतरी येऊन समजूत काढील अशी आशा आत ठेवून केलेला राग. समोरचा समजूत काढणारा नसेल तर रुसवा होतच नाही. त्रागा म्हणजे राग दुसऱ्यावर आणि शिक्षा स्वतःला, "राहू दे, मी जेवतच नाही", आणि तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. चडफड म्हणजे राग भरपूर आहे, पण ज्याच्यावर आहे त्याच्यापुढे काही चालत नाही.

रागाच्या पलीकडेही बघा. उत्साहानं काही सांगायला गेलो आणि समोरच्यानं मान वर केली नाही, तर तो हिरमोड. चारचौघांत आपल्या साडीवर, पगारावर, मुलाच्या मार्कांवर कुणी बोललं आणि कुठे बघावं कळेना, तर ते कानकोंडं होणं. आपलीच चूक उशिरा कळली तर ओशाळणं. वाईट काही घडेल अशी सारखी भीती म्हणजे धास्ती. मुलगी हॉस्टेलला गेल्यावर रात्री जे होतं ती हुरहुर. मावशीला भेटायला जायचं जायचं म्हणताना ती गेली, मग राहते ती रुखरुख.

मी तीन आठवडे सगळीकडे 'चिडले' लिहिलं होतं. ही यादी वहीच्या शेवटच्या पानावर उतरवली आणि मागच्या नोंदी पुन्हा वाचल्या. निम्म्याहून जास्त ठिकाणी ती चीड नव्हतीच. चडफड होती. हा शब्दांचा खेळ नाही. चीड आली असेल तर थोडा वेळ गप्प बसून भागतं. चडफड असेल तर गप्प बसून ती वाढते, कारण मुळात आपण गप्प बसलो म्हणूनच ती झालेली असते.

माझी मावसबहीण अमेरिकेत असते. ती इंग्रजीत लिहायची. तिला म्हटलं, लहानपणी ज्या भाषेत ओरडा खाल्लास त्या भाषेत एक आठवडा लिहून बघ. आठव्या दिवशी तिचा मेसेज आला: 'रुसव्याला इकडे शब्दच नाही गं.'

४. 'का' विचारू नका, 'काय' विचारा

'मी असं का केलं?' हा प्रश्न खोल वाटतो. पण त्याच्या उत्तरात आपल्या आतला वकील उभा राहतो. तो एक तर आपली बाजू मांडतो, नाहीतर आपल्यावरच खटला भरतो. दोन्हीकडे नोंद बाजूला पडते आणि आपण तेच तेच उगाळत बसतो.

उगाळण्याचा मानसशास्त्रात बराच अभ्यास झालाय. सुझन नोलेन-होक्सिमा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचं एक काम मला फार लक्षात राहिलंय. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना उदास वाटलं की ते काय करतात, उगाळत बसतात की दुसऱ्या कामाला लागतात, याची माहिती त्यांनी घेऊन ठेवली होती. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ऑक्टोबर १९८९ मध्ये, त्या भागात मोठा भूकंप झाला. नंतर पुन्हा तपासलं, तर आधीपासून उगाळण्याची सवय असलेल्या मुलांना भूकंपानंतर जास्त उदासी आलेली होती. म्हणजे स्वतःचा खूप विचार करणं आणि स्वतःला ओळखणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपण नोंदतोय की उगाळतोय, हे ओळखायची माझी खूण साधी आहे. तेच वाक्य थोड्याफार फरकानं तिसऱ्या रात्री वहीत आलं की ते उगाळणं. मग पेन ठेवायचं. दुसऱ्या दिवशी त्या विषयावर फक्त 'काय' लिहायचं: त्या आधी काय घडलं होतं? मला काय हवं होतं? मी काय बोलले नाही? पुढच्या वेळी काय करून बघता येईल?

फारच अडकलात तर 'मी' सोडून स्वतःच्या नावानं लिहा, शेजारणीविषयी सांगावं तसं. ईथन क्रॉस या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत स्वतःला नावानं संबोधणाऱ्यांना ताणाचा प्रसंग जरा दुरून बघता आला. मी पहिल्यांदा तसं लिहिलं तेव्हा दुसऱ्या ओळीतच हसू आलं: 'बाईंना वाटतं की त्या गेल्या नाहीत तर वन्संच्या घरी भात शिजणारच नाही.'

५. रविवारी खतावणी

लाल पेन आता काढा. आठवड्याच्या सात नोंदी सलग वाचा आणि जे परत परत येतंय त्याखाली रेघ मारा. माणूस, वेळ, जागा, शब्द, काहीही. खाती आधी ठरवू नका. रेघा साठल्या की ती आपोआप पडतात. तीन-चारपेक्षा जास्त पडली तर तुम्ही जास्तच बारकाईनं बघताय.

आमच्या कामात तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाजूंच्या बेरजा, जुळली नाही की एक जुनी युक्ती करतात. फरकाला नऊनं भाग जातो का बघायचं. जात असेल तर बहुतेक कुठेतरी आकडे उलटसुलट पडलेत, ४५० चे ५४० झालेत. चूक कुठे आहे ते लगेच सापडत नाही, पण ती कोणत्या जातीची आहे हे कळतं. रविवारच्या वाचनातून असंच काहीतरी हाती लागतं.

माझी खात्री होती की चिडचिडीचं कारण दुकान आहे. आवकेचे दिवस, सौदे, मार्चअखेर. चार आठवड्यांच्या नोंदी वाचल्या तर मुलावर ओरडल्याच्या नऊ नोंदी निघाल्या. त्यांतले सात दिवस असे होते, ज्या दिवशी माझ्याच अक्षरात आणखी एक शब्द होता: चालेल. वन्संना चालेल. सोसायटीच्या पूजेची वर्गणी गोळा करशील का? चालेल. तुझी रजा पुढच्या आठवड्यात घेशील का? चालेल. चार आठवड्यांत ११ वेळा चालेल, आणि त्यांतलं खरोखर चालणारं मोजून दोन.

मग मार्चअखेरच्या नोंदींची वाट पाहिली. रात्री नऊपर्यंत दुकानात, डोळ्यांची आग, आणि पंधरा दिवसांत ओरडल्याची नोंद एक. कारण त्या पंधरवड्यात मला कुणी काही मागायचंच नाही. सगळ्यांना माहीत होतं, ही कामात आहे.

तरी एक महिना म्हणजे फार थोडा पुरावा आहे. योगायोग असू शकतो. म्हणून लगेच 'मी अशी आहे' असा शिक्का मारू नका. आधी करून बघा. मी दोन आठवडे एकच गोष्ट केली. 'चालेल' ऐवजी 'बघते, रात्री सांगते' म्हणायचं. बाकी काही बदललं नाही. दोन आठवड्यांत ओरडल्याच्या नोंदी दोन. वन्सं म्हणाल्या, "हल्ली फार बिझी झालीस." तीही नोंद वहीत आहे, आणि त्या नोंदीखाली 'ओशाळले' असं लिहिलंय. फुकट काही होत नाही.

६. एखाद्या माणसाशी बिनसलं असेल तर तीन प्रश्न

रोज करायची ही पायरी नाही. वहीत एकाच माणसाचं नाव सारखं येत असेल तेव्हाच करा.

जपानमध्ये इशिन योशिमोतो यांनी गेल्या शतकात नाइकान नावाची पद्धत घडवली. तिचा अर्थच आत पाहणं. एक माणूस निवडायचा आणि त्याच्याविषयी तीन प्रश्न: त्याच्याकडून मला काय मिळालं? मी त्याला काय दिलं? माझ्यामुळे त्याला काय त्रास झाला? 'त्याच्यामुळे मला काय त्रास झाला' हा चौथा प्रश्न त्यात मुद्दाम नाही. तो आपल्याला पाठच असतो.

मी सासूबाईंवर केलं. पहिल्या प्रश्नाखाली दोन ओळी लिहीन म्हटलं होतं, दीड पान झालं. यात वाद मिटला असं काही नाही. त्या अजूनही माझ्या फोडणीत हिंग कमी म्हणतात.

मात्र ज्या माणसानं तुम्हाला मारहाण केली, छळलं, त्याच्यावर हे तीन प्रश्न वापरू नका. तिथे ते उलटतात. आपणच अपराधी ठरतो.

७. महिन्यातून एकदा बाहेरच्या माणसाला विचारा

आपल्याला न दिसणारं आणि इतरांना लख्ख दिसणारं असं काही प्रत्येकात असतंच. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोघांनी १९५५ मध्ये याची चार खणांची खिडकी काढली आणि आपल्याच नावांची अक्षरं जोडून तिला जोहारी म्हटलं. ट्रेनिंगला गेलेल्यांनी फळ्यावर पाहिली असेल. त्यातला हा खण वहीनं भरत नाही, त्याला माणूसच लागतो.

पण "मी कशी आहे रे?" असं विचारू नका. नवऱ्याला विचारलं. "चांगली आहेस की," म्हणाला आणि परत बातम्यांकडे वळला. त्याची चूक नाही, प्रश्नच निकामी होता. घडलेल्या गोष्टीविषयी विचारा: "या महिन्यात तुम्ही सांगत होता आणि मी ऐकून घेतलं नाही, असं कधी झालं?" उत्तर आलं तर तिथे खुलासा करायचा नाही. "बरं" म्हणायचं आणि रात्री वहीत ते जसंच्या तसं लिहायचं. बरं म्हणून गप्प बसणं ही या संपूर्ण लेखातली सगळ्यात अवघड पायरी आहे. मला अजून धड जमत नाही.

जिथे लोक अडकतात

खाडा पडला. २१ दिवसांत सवय लागते, हे विसरा. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला २५४. आणि मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. चुकलेल्या दिवसाची नोंद मागाहून आठवून लिहू नका. मागाहून लिहिलेल्या कीर्दीत काय काय घुसतं ते मला विचारा.

वही कुणी वाचली तर? ही भीती असेल तोवर खरं लिहिलं जात नाही. मी वही जुन्या व्हाउचरच्या फायलीत ठेवते. ती फाइल माझ्याशिवाय कुणी उघडत नाही, कारण ती बघूनच जांभई येते. एकत्र कुटुंबात तेवढीही सोय नसेल तर लिहा आणि रविवारी खतावणीच्या चार ओळी ठेवून बाकी पानं फाडून टाका.

वाचकासाठी लिहिणं. आपण गेल्यावर मुलं ही वही वाचतील, असा विचार मनात आला की वाक्यं सुवासिक व्हायला लागतात. एखाद्या नोंदीचा मोह पडला, कुणाला तरी दाखवावी वाटली, तर ती नोंद पुन्हा तपासा.

जुनी जखम वर येणं. रोज लिहिताना कधीकधी वीस वर्षांपूर्वीचं काहीतरी बाहेर येतं. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, सगळ्यात वाईट अनुभवाविषयी लिहिलं. लिहिल्या लिहिल्या त्यांना जास्तच वाईट वाटलं. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. म्हणजे लिहिल्यावर त्या रात्री जड वाटणं वेगळं काही नाही. पण झोप उडाली, दिवसाची कामं होईनाशी झाली, जगण्यातच अर्थ नाही असं वहीत यायला लागलं, तर वही बंद करा आणि माणसाशी बोला. सरकारची टेलीमानस ही मोफत सेवा १४४१६ वर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं. वही हिशेब ठेवते, उपचार करत नाही.

८. वही भरली की

१०० पानी वही साधारण चार-पाच महिन्यांत भरते. जुन्या वह्या साठवायच्या की नाही, हे तुमच्यावर आहे. मी साठवत नाही. बादलीत रात्रभर भिजवते आणि सकाळी लगदा करून कचऱ्यात टाकते. नुसतं फाडून रद्दीत दिलं तर त्यात सुका मेवा बांधून कुणाच्या तरी घरी जायची भीती वाटते. टाकण्याआधी एक काम मात्र करते. हिशेबात जुनी चोपडी बंद करताना शिल्लक पुढच्या चोपडीत ओढतात, तशी ती नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिते. परवा सातवी वही काढली. तिचं पहिलं पान असं आहे:

श्री
मागील शिल्लक
चालेल: आठवड्याला दोन-तीन. बहुतेक खरे.
मुलावर ओरडणं: महिन्यात चार. परीक्षेच्या महिन्यात सहा.
'बरं' म्हणून गप्प बसणं: पाचात एकदा.
ताईला फोन: राहिलाय.